हातचे राखून

प्रौढांच्या जलतरण स्पर्धेची प्रवेशिका वरवर पाहता निरुपद्रवी असते: नाव, जन्मतारीख, उतरायच्या शर्यतींची यादी आणि प्रत्येक शर्यतीपुढे एक रिकामा चौकोन, ज्यात ते अंतर आपण किती मिनिटे-सेकंदांत कापू हे स्पर्धकाने स्वतःच भरायचे असते. तलावावर ‘एन्ट्री टाइम’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आकड्याला साक्षीदार नसतो आणि बहुतेक स्थानिक स्पर्धांत त्याचा पुरावाही कोणी मागत नाही, त्यामुळे माणसाने स्वतःविषयी अनोळखी लोकांना लेखी दिलेले ते एक विधान असते. काही जण ते फुगवून लिहितात, बरेच जण खरे लिहितात, आणि अधिक विचार करायला लावणारा एक तिसरा वर्ग जाणूनबुजून संथ वेळ लिहितो, म्हणजे १०० मीटर ज्याला ७० सेकंदांत सहज जमतात तो ९० लिहून मोकळा होतो. अमेरिकेत या प्रकाराला ‘सँडबॅगिंग’ म्हणतात. वाळूने भरलेली लहान पिशवी हे १९व्या शतकात तिथल्या रस्त्यांवरच्या गुंडांचे हत्यार होते, दिसायला मऊ, पण डोक्यात बसली की माणूस आडवा. पुढे तो शब्द पत्त्यांच्या जुगारात चांगली पाने हाती असूनही पडते घेणाऱ्याला चिकटला आणि तेथून खेळांच्या मैदानांवर पसरला. मराठीला एवढ्या हिंसक शब्दाची गरज पडत नाही. ‘हातचे राखून’ हा प्रयोग तिच्याकडे आहेच, आणि त्यातला ‘हातचा’ शाळेतल्या बेरजेतही भेटतो, ज्याचा उपयोग या प्रकरणाचा हिशेब समजून घेताना होणार आहे.

‘मास्टर्स’ या नावाने चालणारे प्रौढांचे स्पर्धात्मक जलतरण तसे अलीकडचे आहे. अमेरिकी नौदलातील डॉक्टर रॅन्सम आर्थर यांची धारणा अशी होती की वय वाढलेल्या माणसाला नुसते व्यायाम करायला सांगून भागत नाही, त्याच्यासमोर पोहोचण्याजोगे एखादे लक्ष्य ठेवावे लागते, आणि स्पर्धा हे तसे लक्ष्य होऊ शकते. जलतरण प्रशिक्षकांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन स्पॅनथ यांना हे पटले आणि मे १९७० मध्ये टेक्सासमधील ॲमरिलो येथे पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा भरली, जिला जेमतेम पन्नासेक जलतरणपटू आले होते. जागतिक मास्टर्स स्पर्धेचा प्रारंभ १९८६ मध्ये टोकियोत झाला. येथे ‘मास्टर’ म्हणजे निष्णात असा अर्थ घेण्याचे कारण नाही, कारण अमेरिकेत १८ वर्षे पूर्ण झालेला आणि जागतिक संघटनेच्या नियमानुसार २५ वर्षांचा कोणीही या नावाला पात्र ठरतो. त्यापुढे पाच-पाच वर्षांचे वयोगट असतात आणि त्यांना वरचे टोक नाही. जपानच्या मिएको नागाओका यांनी २०१५ मध्ये १०० ते १०४ या वयोगटात १५०० मीटरचे अंतर सव्वा तासापेक्षा थोड्या अधिक वेळात पार केले आणि शंभरी ओलांडून हे अंतर पोहणाऱ्या त्या जगातील पहिल्या व्यक्ती ठरल्या. तेच अंतर विशी-तिशीतला एखादा माजी महाविद्यालयीन खेळाडू सतरा-अठरा मिनिटांत संपवतो. एवढ्या टोकाच्या वेगांची माणसे एकाच तलावात आणि एकाच दिवशी पोहवायची, तर प्रत्येकाचा अंदाजी वेळ आधी हाती असणे ही आयोजकाची निकडच असते, आणि ऑलिंपिकच्या खेळाडूंप्रमाणे या हौशी मंडळींच्या मागे अधिकृत वेळांची अद्ययावत यादी उभी नसल्यामुळे त्यांच्या शब्दावर विसंबण्यावाचून त्याला दुसरा मार्ग राहत नाही.

त्या शब्दाचे पुढे काय होते हे पाहण्यासारखे आहे. शर्यतीत जितके जण, त्यांचे तलावातल्या लेनच्या संख्येनुसार गट पाडतात; या गटाला ‘हीट’ म्हणतात आणि लिहिलेल्या वेळांनुसार हीट लावण्याच्या कामाला ‘सीडिंग’. सर्वांत संथ मंडळी पहिल्या हीटमध्ये आणि सर्वांत वेगवान शेवटच्या हीटमध्ये, असा सर्वसाधारण रिवाज आहे. आठ लेनच्या तलावात प्रत्येक हीटमधला सर्वांत वेगवान चौथ्या लेनमध्ये, त्यानंतरचा पाचव्या, मग तिसऱ्या, सहाव्या, दुसऱ्या, सातव्या, पहिल्या आणि शेवटचा आठव्या लेनमध्ये, अशी मधून कडेला उतरणारी मांडणी असते, त्यामुळे सगळे आपापल्या आकड्याप्रमाणे पोहले तर पाण्यावर उडत्या बगळ्यांच्या माळेसारखा एक बाण उमटतो. अमेरिकेतल्या अनेक स्थानिक स्पर्धांत हीट लावताना वय आणि लिंग पाहिले जात नाही, फक्त वेळ पाहिली जाते, म्हणून शेजारशेजारच्या लेनमध्ये सत्तरीचे आजोबा आणि पंचविशीतली तरुणी असू शकतात. प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी असा भेद मास्टर्समध्ये सहसा नसतो. प्रत्येकाने एकदाच पोहायचे, सर्व हीटमधल्या वेळा एकत्र करायच्या आणि वयोगटानुसार क्रम लावायचे. याचा सरळ अर्थ असा की हीटमध्ये पहिला येण्याला काहीही किंमत नसते. तिसऱ्या हीटमध्ये पहिला आलेला माणूस आपल्या वयोगटात अकरावा असू शकतो, आणि दहाव्या हीटमध्ये सर्वांत मागे राहिलेली बाई आपल्या वयोगटात पहिली.

मग हीट कोणतीही मिळाली तरी घड्याळ तेच असताना खोटे लिहिण्याने कोणाचे काय बिघडते, असा प्रश्न साहजिकच पडतो, आणि संथ वेळ लिहिणारे बचावासाठी नेमका हाच प्रश्न विचारतात. त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. एका शर्यतीत ८० जण आहेत, आठ-आठच्या दहा हीट आहेत आणि संथाकडून वेगवानाकडे मोजता ७०व्या क्रमांकावर, म्हणजे नवव्या हीटमध्ये, ज्याची खरी जागा आहे त्याने ३७व्या क्रमांकाला साजेसा आकडा लिहिला असे समजू. तो पाचव्या हीटमध्ये येऊन बसतो. पाचव्या हीटमध्ये जागा आठच, म्हणून तिच्यातला सर्वांत वेगवान, ज्याला चौथी लेन मिळायची होती, तो उचलून सहाव्या हीटमध्ये टाकला जातो आणि तेथे सर्वांत संथ ठरून आठव्या लेनमध्ये भिंतीकडेला जातो. सहावीमधला पहिला सातवीत शेवटचा होतो, सातवीमधला आठवीत, आठवीमधला नवव्या हीटमध्ये. हा शब्दशः हातचा आहे: एककाच्या घरात मावेना म्हणून दशकाच्या घरात, तेथे मावेना म्हणून शतकाच्या घरात. एकाने राखलेला हातचा चार अनोळखी माणसांच्या डोक्यावर चढतो, आणि त्या चौघांनी आपापला आकडा प्रामाणिकपणे लिहिलेला असतो. आपल्या गटात आघाडीवर पोहायला मिळेल म्हणून जी व्यक्ती त्या दिवसाची वाट पाहत असेल, तिला त्याऐवजी सात जणांच्या मागून, कडेच्या खळबळत्या पाण्यात पोहावे लागते, आणि असे का झाले हे तिला कधीच कळत नाही.

लांबच्या शर्यतीत हे अधिक जाणवते. अमेरिकेत १६५० यार्डांची शर्यत २५ यार्डांच्या तलावात ६६ फेऱ्यांची होते. इतक्या फेऱ्या पोहणाऱ्याच्या ध्यानात राहत नाहीत म्हणून पलीकडच्या टोकाला एक सहकारी आकड्यांची पाटी पाण्यात बुडवून दाखवत असतो, वेळ घेणारे स्वयंसेवक हातातले घड्याळ धरून लेनच्या टोकाशी बसलेले असतात, आणि हीट संपते ती तिच्यातला सर्वांत संथ माणूस भिंतीला टेकतो तेव्हाच. वेगवान हीटमध्ये संथ माणूस ढकलला गेला की बाकीचे सात जण बाहेर येऊन अंग पुसेपर्यंत तो एकटा पाण्यात असतो. एका खोट्या आकड्याने दिवस लांबतो तो सेकंदांनी, हे मान्य करायला हवे. डझनभर आकड्यांनी मात्र मिनिटे जातात. गंमत अशी की सर्वांनीच आपापली वेळ सारख्या प्रमाणात वाढवून लिहिली तर कोणाचेच काही बिघडत नाही, क्रम जसाच्या तसा राहतो आणि स्पर्धा जाहीर वेळेच्या आधीच आटोपते. हातचे राखणाऱ्याचे सारे गणित म्हणून इतरांच्या खरेपणावर उभे असते, आणि सगळे आपल्यासारखे वागावेत अशी इच्छा तो कधीही करू शकत नाही.

तरीही माणसे असे का लिहितात याची कारणे एकजात हलकी नाहीत. सर्वांत व्यावहारिक कारण विश्रांतीचे आहे: ज्याला २०० मीटर बटरफ्लाय आणि त्यानंतर लगेच १०० मीटर फ्रीस्टाइल पोहायचे आहे, तो पहिल्या शर्यतीत संथ आकडा लिहून आरंभीच्या हीटमध्ये जातो, कारण त्यामुळे उरलेल्या हीट संपेपर्यंतची पंधरा-वीस मिनिटे त्याच्या पन्नाशीतल्या खांद्यांना मिळतात. कोणाला संध्याकाळच्या आत घरी पोहोचायचे असते. कोणाला नवऱ्याच्या किंवा मैत्रिणीच्या शेजारच्या लेनमध्ये पोहायचे असते, आणि हे कारण तर इतके गोड आहे की त्यावर रागावणे जड जाते. यापलीकडे मात्र दोन कारणे उरतात आणि दोन्ही मराठी म्हणींनी आधीच टिपलेली आहेत. एक ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ या जातीचे: संथ मंडळींच्या हीटमध्ये अर्धा तलाव पुढे राहून भिंतीला हात लावायचा आणि वळून मागे पाहायचे, मग त्या विजयाची नोंद निकालात होवो न होवो. दुसरे ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ या म्हणीला उलटे करून घातलेले. म्हणीतला माणूस मूठ झाकतो ती आत काही नाही हे कळू नये म्हणून. हा माणूस मूठ झाकतो ती आत पुष्कळ आहे हे ऐन वेळी उघड व्हावे म्हणून, आणि नसलेच तर तसेही कोणाला कळू नये म्हणून.

या शेवटच्या कारणाच्या मुळाशी भीती आहे, आणि मानसशास्त्राने तिचा अभ्यास केलेला आहे. स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना न सुटणारे प्रश्न देऊन वर ‘तुम्ही उत्तम सोडवलेत’ असे सांगितले, आणि पुढच्या चाचणीआधी दोन औषधांपैकी एक निवडायला लावले, ज्यांपैकी एक बुद्धी तल्लख करणारे आणि दुसरे ती मंद करणारे असल्याचे त्यांना सांगण्यात आले होते. ज्यांना आपले यश आपल्या कर्तबगारीचे वाटत नव्हते, त्यांतल्या पुरुषांचा तरी कल मंद करणाऱ्या औषधाकडे दिसला, कारण मग अपयश आले तर दोष औषधाचा. आपल्याच वाटेत आपणच धोंडा ठेवायचा म्हणजे ठेच लागली तरी धोंडा दाखवता येतो, अशी ही वृत्ती आहे. संथ आकडा हा तसाच, पण अधिक सभ्य धोंडा आहे. ७० सेकंद लिहून ७४ सेकंद लागले तर ती चार सेकंदांची घसरण सर्वांसमोर होते. ९० लिहून ७४ लागले तर सोळा सेकंदांची कमाई. शरीर दोन्ही वेळा तेवढेच थकलेले असते. चाळिशीनंतरच्या खेळाडूला तर दरवर्षी थोडे थोडे हरायचेच असते, तेही दुसऱ्या कोणाकडून नव्हे तर आपल्याच जुन्या आकड्यांकडून, आणि त्या पराभवाची तयारी आधीच करून ठेवण्याचा मोह समजण्यासारखा आहे.

यातच या प्रश्नाची खरी अडचण आहे, कारण प्रामाणिक संथ आकडा आणि लबाड संथ आकडा कागदावर अगदी सारखे दिसतात. सहा वर्षांत जी शर्यत पोहलेलीच नाही तिची वेळ काय लिहावी? खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर? बाळंतपणानंतर? अमेरिकेत तलाव तीन मापांचे असतात, २५ यार्ड, २५ मीटर आणि ५० मीटर, आणि एका मापातली वेळ दुसऱ्यात बदलण्याची कोष्टके ढोबळ असतात, कारण लहान तलावात वळणे जास्त येतात आणि भिंतीला पाय लावून मिळणारा जोर ज्याचा चांगला, त्याला लहान तलाव अधिक मानवतो. शिवाय मोठ्या स्पर्धेआधी दोन-तीन आठवडे सराव हळूहळू कमी करून शरीराला ताजे करण्याची एक पद्धत आहे, जिला पोहणारे ‘टेपर’ म्हणतात. प्रवेशिका मात्र त्याच्याही आधी, थकव्याच्या ऐन भरात भरलेली असते, म्हणून टेपर साधला की माणूस स्वतःच्या आकड्यापेक्षा कितीतरी वेगाने पोहतो आणि शेजारचे त्याच्याकडे संशयाने पाहू लागतात. हे सारे पाहता एखाद्याच्या आकड्यावरून त्याच्या मनाविषयी निवाडा देणे धाडसाचेच ठरेल. पण एकाच माणसाचे आकडे वर्षानुवर्षे, आणि नेमके सोयीच्या शर्यतींतच, उणे पडत असतील, तर ते थकव्यामुळे नसतात एवढे म्हणायला हरकत नाही.

कडेच्या लेनविषयी जलतरणात एक वेगळेच आकर्षणही आहे आणि संथ आकडा लिहिणारे कधीकधी त्याचा आधार घेतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाचा किरेन पर्किन्स १५०० मीटरच्या अंतिम फेरीत सर्वांत शेवटचा म्हणून कसाबसा आला, आठव्या लेनमधून निघाला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. २०२१ मध्ये टोकियोत ट्युनिशियाच्या अहमद हफनावी या १८ वर्षांच्या मुलाने ४०० मीटरमध्ये तसेच केले. पण या दोघांनी काही झाकून ठेवले होते असे मानणे चुकीचे ठरेल, कारण अंतिम फेरीतच येता न येण्याची जोखीम त्यांच्या डोक्यावर खरोखरची होती. पर्किन्सची जागा तर पाव सेकंदाहून कमी फरकाने वाचली. मास्टर्समध्ये ती जोखीमच नाही, त्यामुळे तेथे आठवी लेन मागून घेणारा कडेची लेन तेवढी उसनी घेतो, तिच्यातले नाट्य त्याच्या वाट्याला येत नाही. आणि पाण्याचा हिशेबही त्याच्या विरुद्ध जातो. २००८ मध्ये बीजिंगला ४ गुणिले १०० मीटर रिलेच्या शेवटच्या टप्प्यात अमेरिकेचा जेसन लेझाक फ्रान्सच्या अलँ बर्नारच्या मागे होता. तो लेनच्या दोराला खेटून बर्नारने उठवलेल्या लाटेचा फायदा घेत राहिला आणि ४६.०६ सेकंदांत आपले १०० मीटर पोहून अमेरिकेला ०.०८ सेकंदाने जिंकून दिले. वेगवान शेजारी माणसाला ओढून नेतो, काही अंशी लाटेने आणि पुष्कळ अंशी जिद्दीने. संथ हीटमध्ये एकट्याने पुढे जाणाऱ्याच्या बाजूला असे कोणी नसते, आणि आपली उत्तम वेळ नोंदवण्याची संधी त्याने स्वतःच चौकोनात चुकीचा आकडा भरून घालवलेली असते.

इतर खेळांनी या वृत्तीशी आपापल्या परीने तंटा केला आहे. गोल्फमध्ये दुबळ्या खेळाडूला काही फटक्यांची सूट मिळते, ज्या सुटीच्या आकड्याला हँडिकॅप म्हणतात, आणि तो फुगवण्यासाठी मुद्दाम वाईट खेळणाऱ्यावर क्लबांची कायमची नजर असते. तेथे चोरी उघड आहे, कारण सूट म्हणजे बक्षीस. अमेरिकेतल्या मोटारींच्या एका प्रकारच्या शर्यतीत चालकाने आपली वेळ आधी जाहीर करायची असते आणि संथ गाडीला त्या प्रमाणात आधी सोडतात, पण जाहीर वेळेपेक्षा वेगाने गेलेला चालक थेट बाद ठरतो, जो उपाय इतका नेमका आहे की गणिताच्या मास्तरांनीच सुचवलेला वाटावा. लंडनच्या २०१२ ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या महिला दुहेरीतील ज्या चार जोड्या पुढच्या फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून सामने हरू पाहत होत्या, त्या स्पर्धेबाहेर काढल्या गेल्या. जलतरणात यातले काहीच लागू करता येत नाही. वेगाने पोहल्याबद्दल पोहणाऱ्याला बाद करणे खेळाच्याच जिवावर उठेल, आणि हातचे राखणारा पाण्यात उतरल्यावर तर जिवाच्या आकांताने पोहतो, राखतो फक्त कागदावर. आयोजक फार तर अविश्वसनीय आकडा बदलण्याचा अधिकार माहितीपत्रकात राखून ठेवतात. काही क्लब मौजेखातर अशी शर्यत ठेवतात की हातातले घड्याळ काढून पोहायचे आणि आपण लिहिलेल्या वेळेच्या जो सर्वांत जवळ येईल तो जिंकला. तीत विशीतला वेगवान मुलगा सहज हरतो आणि आपल्या शरीराला वर्षानुवर्षे ओळखणारी साठीतली बाई जिंकू शकते.

आकडा फुगवून लिहिणाऱ्याला मात्र सगळेच हसतात, आणि येथे थोडा अन्याय होतो. ज्याने ७४ ऐवजी ६८ लिहिले तोही हीट बिघडवतोच, पण तो आपल्यापेक्षा वेगवान लोकांत जाऊन सर्वांसमोर शेवटचा येण्याचे धाडस करतो आणि पुष्कळदा त्यांच्या ओढीने ७२ पोहून येतो. त्याच्या खोटेपणाची किंमत निदान तो स्वतः मोजतो. संथ लिहिणाऱ्याला मात्र लोक नम्र समजतात, आणि ‘माझे काय हो, आता वय झाले’ असे म्हणणाऱ्याला खोटे पाडणे आपल्याकडेच काय, कोठेही असभ्यच ठरते. नम्रतेला पुरावा मागण्याची रीत नाही, त्यामुळे तिच्या आड बरेच काही खपून जाते.

निकालाच्या कागदाला मात्र ही रीत माहीत नसते. संगणकावरून छापून तलावाच्या भिंतीवर चिकटवलेल्या त्या कागदावर प्रत्येक नावापुढे सहसा दोन रकाने असतात, पहिल्यात लिहून दिलेली वेळ आणि दुसऱ्यात भिंतीवरच्या टचपॅडने मोजलेली, आणि दोन्ही सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. अंगाभोवती टॉवेल गुंडाळलेली, केसांतून पाणी ठिबकणारी मंडळी त्याभोवती गोळा होतात, ओली बोटे ओळींवरून खाली सरकतात, शाई जराशी फुटते. प्रत्येक जण आधी आपल्या नावापुढचा दुसरा रकाना वाचतो आणि मग, किंचित वेळाने, इतरांच्या नावांपुढचा पहिला.